मेणाची उत्तरं

माझ्या भावोजींना गल्लीत सगळे कवळीवाले म्हणतात. त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, पण कुणाची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली की दार कुणाचं वाजवायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि भावोजी लॅबमध्ये बसून दात करतात. पेशंट त्यांना कधी दिसत नाही. त्यांच्या टेबलावर माणूस येतो तो तोंडापुरता, प्लास्टरचा, आणि काम झालं की जातो.

त्यामुळे समोर कुणीही आलं तरी हे डोळ्यांत बघत नाहीत, थेट तोंडात बघतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "खालचे दात एकावर एक चढलेत, पण मजबूत आहेत." माझा संसार पुढे मोडला. दातांबद्दल मात्र तक्रारीला जागा नव्हती, हे मान्य करायला हवं.

मी गाडी शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांवर खेकसते आणि परवाना मिळाला की तेच लोक पेढे देत आभार मानून जातात. माझ्या पायाखाली जास्तीचा एक ब्रेक असतो. समोरचा माणूस वाहवत चालला की माझा पाय आपोआप दाबला जातो. ताईच्या आजारपणात तो ब्रेक मी घरभर शोधला, पण असल्या गोष्टींना ब्रेक नसतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, यांची बायको. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भावोजी दिवसभरात जेवढं बोलायचे तेवढं ती चप्पल काढता काढता बोलून टाकायची. तरुणपणी सायकलवरून पडून तिचा पुढचा दात अर्धा तुटला होता. त्यावरची टोपी, म्हणजे कॅप, यांनी केली, पण रंग जुळेना, म्हणून डॉक्टरांनी यांनाच बोलावून घेतलं. रंग बघायला दोन मिनिटं पुरतात. हे अर्धा तास तिच्या तोंडाकडे बघत बसले आणि ती अर्धा तास बोलत राहिली. लग्न तिथेच ठरलं, असं ती सांगायची. हे म्हणायचे, तसं काही नाही, उजेड बरोबर नव्हता.

मूलबाळ झालं नाही. दोघांचा एकमेकांवर इतका जीव होता की त्याची उणीव मला तरी कधी दिसली नाही. ती बोलायची, हे दात करायचे, आणि घर भरलेलं असायचं.

एका सकाळी कपडे वाळत घालताना ती वाक्याच्या मधेच थांबली. उजवी बाजू गेली आणि बाजूबरोबर बोलणं गेलं. कळतंय की नाही, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येईना. विचारलं की मान हलवायची, पण सगळ्यालाच हलवायची. पाणी हवं? हो. पाणी नको? हो. एकदा वैतागून मी म्हटलं, "ताई, तू हत्ती आहेस का?" तिने मान हलवली. मला हसू फुटलं, आणि मग बाथरूमचा नळ सोडून मी पोटभर रडले.

सुरुवातीला भरवलं की खायची. मग हळूहळू तोंड उघडेनाशी झाली. चमचा ओठांशी नेला की दातखीळ बसल्यासारखं तोंड घट्ट. नाकातून नळी घातली, ती डाव्या हाताने उपटून टाकली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. शेवटी तो हात मऊ फडक्यात गुंडाळून पलंगाला बांधला. डॉक्टर म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. मग खात का नाहीत, ते मी नाही सांगू शकत. मेंदूमुळे असेल, मनातूनही असेल. आता पोटातून नळी घालावी लागेल, छोटं ऑपरेशन आहे. नळी घातली तर अशाच राहतील, बराच काळ. नाही घातली तर…" मग त्यांनी भावोजींकडे पाहिलं. "त्यांना स्वतःला काय हवं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

सही भावोजींची लागणार होती.

घरी आल्यावर मी चहा टाकला. आतल्या खोलीत मावशी, म्हणजे दिवसा ताईला सांभाळायला येणाऱ्या बाई, तिचं अंग पुसत होत्या. भावोजी टेबलाशी बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला विचारता येईल मला."

"कसं?"

"सकाळी मावशी आल्या की मी तासभर पडतो ना, तेव्हा ती येते. स्वप्नात. बोलते."

माझ्या जिभेवर काहीतरी लागट आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते चहाबरोबर गिळलं. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की ते स्वप्न मलाच पडल्यासारखं पाठ झालंय.

उन्हात तापलेला एक दगडी जिना. इतका उभा की हात टेकत उतरावं लागतं. तळाशी गोल विहिरीसारखं काळं पाणी. काठावर प्रचंड झाड, खोडाला बोटाएवढे काटे, मुळं पाण्यात उतरलेली. झाडाखाली ठिपक्यांचा एक जाडजूड वाघ पंजांवर हनुवटी टेकून पडलेला, घरातल्या कुत्र्यासारखा निवांत. आणि शेजारी चटईवर ताई. डोक्यावर पिसं, चेहरा एका बाजूने दिसणारा, चित्रात असतो तसा.

"पुढच्या दातांत हिरवे खडे बसवलेत," भावोजी म्हणाले. "प्रत्येक दातात एक. काम काय सुरेख आहे म्हणून सांगू! कडेला फट म्हणून नाही."

"भावोजी, तुम्ही स्वप्नातसुद्धा कामाला असता का?"

"ती बोलली की तोंडातून धुरासारखी वेटोळी निघतात," ते पुढे म्हणाले. "वर जातात, चौकोनी होतात आणि दगड होऊन खाली पडतात. प्रत्येकावर काहीतरी कोरलेलं. अक्षरंच ती. मला वाचता येत नाहीत, एवढंच."

"आणि हे स्वप्न आहे, ते कळतं तुम्हाला?"

"तिथेच कळतं. जिभेने." भावोजींना सारखी स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवायची सवय आहे, लॅबमधल्या बऱ्याच जणांना असते. "तिथे फिरवली की एक दाढ जास्त लागते. पहिल्यांदा लागली तेव्हा म्हटलं, अरे, हे तर स्वप्न. तेव्हापासून रोज तपासतो. दाढ जास्त लागली की मी सावध. मग मला हवं ते करता येतं. थांबता येतं. तिच्याजवळ जाता येतं."

"मग विचारलंत का?"

"हिंमत नाही झाली अजून."

हे सगळं आलं कुठून, ते मला त्याच दुपारी कळलं. त्यांना लॅबवर सोडायला गेले तर त्यांच्या टेबलासमोर भिंतीवर दात-साहित्याच्या कंपनीचं कॅलेंडर. दर महिन्याच्या पानावर जगातल्या कुठल्या ना कुठल्या जुन्या लोकांच्या दातांची माहिती. ताई आजारी पडली त्या महिन्यानंतर ते पान कुणी उलटलेलं नव्हतं. पानावर दगडात कोरलेला एक राजा, डोक्यावर पिसं, तोंडातून निघणारी वेटोळी, बाजूला चौकोनी अक्षरं, पायाशी ठिपक्यांचा वाघ. कोपऱ्यात खऱ्या जुन्या दातांचा फोटो, हिरवे खडे बसवलेले.

"हे घ्या तुमचं स्वप्न," मी म्हटलं. "भिंतीवर टांगलंय."

त्यांनी चित्राकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "चित्र इथलंच आहे, मान्य. पण या चित्रात ती नाहीये. मग ती कुठून आली?"

याला उत्तर होतं. पण ते त्या माणसाच्या तोंडावर फेकण्याइतकी मी दुष्ट नाही.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं. जिना उतरले, जीभ फिरवून खात्री केली, वाघाला वळसा घालून तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "तुला जेवायचं आहे की नाही? नळी घालू की नको?" तिने तोंड उघडलं, वेटोळी निघाली आणि एक चौकोनी दगड यांच्या तळहातावर पडला. कोमट होता, म्हणाले. जागे झाले ते दात न घासता लॅबवर पळाले आणि विसरायच्या आत तो दगड मेणात कोरून काढला. मेण म्हणजे त्यांची पाटी. प्रत्येक दात आधी मेणाचा करायचा, थेंब थेंब वाढवत, तापल्या सळईने खाचा पाडत, आणि मग त्यावरून धातूचा. त्यांच्या हाताला मेणात चेहरे काढता येतात, तर चौकोन म्हणजे काय.

मग रोजचंच झालं. रोज तोच प्रश्न आणि रोज नवा दगड. टेबलावरच्या फळीवर मेणाचे चौकोन मांडले जाऊ लागले. बघायला खरंच देखणे. मधे खड्डा, भोवती उंचवटे, उंचवट्यांमधून वळत गेलेल्या रेघा. एखाद्यात डोळे मिटलेला चेहरा असल्याचा भास व्हायचा. डॉक्टरांचा फोन यायचा, भावोजी सांगायचे, "थोडं थांबा, मी चौकशी करतोय." चौकशी! मला वाटे फोन हिसकावून घ्यावा आणि खरं काय ते सांगावं. पण सांगणार काय?

आमच्या ओळखीत इतिहासाचे एक निवृत्त सर होते. वरची-खालची अशा दोन्ही कवळ्या भावोजींच्या हातच्या, त्यामुळे सर बोलायला लागले की भावोजींचं निम्मं लक्ष त्यांच्या उच्चारांवर. त्यांच्याकडे चौकोन घेऊन गेलो. सरांनी एकेक भिंगाखाली धरला. बायकोसाठी आलेला माणूस आहे हे त्यांना दिसत होतं, म्हणून ते फार जपून बोलले.

"मी शाळेत यावर एकच धडा शिकवला, त्यामुळे माझा शब्द शेवटचा धरू नका," ते म्हणाले. "हे मध्य अमेरिकेतल्या जुन्या मायन लोकांसारखं वाटतं. तुम्ही सांगता ते झाड जगाच्या मधोमध उभं असतं, असं ते मानत. मुळं खालच्या जगात, फांद्या आकाशात. तसलं खोल पाणी म्हणजे खाली जायचं दार. आणि तो वाघ, जॅग्वार म्हणतात त्याला. सूर्य मावळला की तो जॅग्वार होऊन जमिनीखालून चालतो, अशी त्यांची समजूत."

"आणि हिरवा खडा?" भावोजींनी विचारलं.

"हिरवा दगड त्यांना सगळ्यात मोलाचा. श्वास, पाणी, कोवळं पीक, जे जे जिवंत ते त्यात आलं. देवांनी माणूस आधी मातीचा केला, तो टिकला नाही. लाकडाचा केला, तोही नाही. शेवटी मक्याच्या पिठाचा केला, तो जगला."

भावोजी खुर्चीच्या कडेला आले. "म्हणजे अन्नाचा."

"तसंच म्हणा."

"आणि तिच्या तोंडात श्वासाचा दगड. म्हणजे तिला जगायचंय."

सर भिंग पुसत म्हणाले, "एक सांगायला हवं. माणूस गेल्यावरही ते त्याच्या तोंडात हिरवा मणी ठेवत. बरोबर थोडा मका. पुढच्या प्रवासाला." आणि चौकोनांबद्दल म्हणाले, "हे मात्र मला वाचता येत नाहीत. यांतलं एकही चिन्ह मी पुस्तकात पाहिल्याचं आठवत नाही."

परत येताना गाडीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणत होते, श्वास. मी म्हणत होते, मणी. ते म्हणाले, "तू निम्मंच ऐकलंस." मी म्हटलं, "आणि तुम्ही दुसरं निम्मं." सिग्नल कधी हिरवा झाला ते मला कळलं नाही, मागचे भोंगे वाजवत होते. एका अर्धांग गेलेल्या बाईच्या पोटात नळी घालायची की नाही हे आम्ही दोन शहाणी माणसं कुठल्यातरी जंगलातल्या, कधीच्या काळच्या राजांच्या दातांवरून ठरवत होतो. हसावं की रडावं कळेना. पण घराच्या दाराशी गाडी थांबवल्यावर माझ्याच तोंडून निघालं, "भावोजी, उद्या भेटली तर विचारा ना, तिला कुठे दुखतंय का."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच थेट डोळ्यांत. "विचारतो," म्हणाले. कुत्सितपणा नाही, काही नाही. मला माझाच राग आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिकाऊ पोरीला चौथ्या गिअरवर सोडून फोनकडे बघत होते.

दुखत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे दगडच आला, पण भावोजींना तो गुळगुळीत वाटला, म्हणून दुखत नाही. मी त्यावर विश्वास ठेवला. शपथेवर सांगते, ठेवला.

इकडे ताई वाळत चालली होती. मावशी बळेबळे दोन घोट दूध ओठांत सोडायच्या, त्यातलं निम्मं उशीवर. गालांची हाडं वर आली. तिच्या तोंडातली ती जुनी टोपी तेवढी चकचकीत राहिली, बाकीचा चेहरा तिच्याभोवती आत आत जात होता. शेवटी डॉक्टर चिडले. उद्या या, काय ते सही करून सांगा, म्हणाले. तो निरोप मी भावोजींना लॅबवर फोन करून दिला. ते म्हणाले, "सही करतो. नळी घालूया. श्वासाचा दगड आहे तो." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला भांडता आलं नाही.

फोन घेताना त्यांच्या हातात त्या दिवशीचा चौकोन होता. बोलता बोलता त्यांनी तो जवळच्या ट्रेमध्ये ठेवला. ट्रे ओतकामाचा होता. लॅबमध्ये ओतकाम एक बाई करतात. मेणाचा दात त्या ओल्या भुकटीत पुरतात, भट्टीत घालतात, मेण जळून जातं, जी पोकळी राहते तीत वितळलेला धातू ओततात. ट्रेमध्ये जे असेल ते उचलायचं आणि ओतायचं, दिवसभर तेच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हॉस्पिटलात न्यायला गेले तेव्हा ते फळीवर आदल्या दिवशीचा चौकोन शोधत होते. तेवढ्यात ओतकामवाल्या बाई तळहातावर एक चमकता तुकडा घेऊन आल्या.

"काका, ही खालची दाढ कुठल्या पेशंटची? चिठ्ठीच नव्हती. जरा चौकोनी केलीत, पण बसतेय मस्त. त्या कालच्या जबड्यावर लावून बघितली, चावा अगदी बरोबर येतो."

भावोजींनी तुकडा घेतला. टेबलावर वरचा-खालचा जबडा बसवायचं बिजागरीचं यंत्र असतं, त्यातल्या प्लास्टरच्या जबड्यावर त्यांनी तो ठेवला आणि यंत्र मिटलं. टक् असा आवाज आला. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या खड्ड्यात नेमका जाऊन बसला. उघडलं, पुन्हा मिटलं. पुन्हा टक्. बाईंना काही कळेना, त्या म्हणाल्या, "चुकलं का काही माझं?"

"नाही," भावोजी म्हणाले. "तुमचं नाही चुकलं."

मग त्यांनी फळीवरचे मेणाचे सगळे चौकोन खाली घेतले आणि एकेक उचलून, चेहऱ्याजवळ नेऊन, हलक्या आवाजात सांगत गेले. ही खालची, मागची. ही वरची. ही उपदाढ. ज्यात मला डोळे मिटलेला चेहरा दिसायचा ती अक्कलदाढ होती, झिजलेली, म्हाताऱ्या माणसाची. चौकोन उरला नाही तसे ते खाली बसले.

"माझीच आहेत गं," ते म्हणाले. "सगळी माझीच आहेत. हात जे करतो रोज, तेच पडत होतं तिच्या तोंडातून. तिचं यात काही नाही. मीच विचारत होतो आणि मीच सांगत होतो."

पहिल्या दिवसापासून मी हेच म्हणत आले होते. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण पायाखालची जमीन सरकली. दुखत नाही हे उत्तरही मग गेलं. ताई कुठेतरी आहे, बोलते आहे, आपल्याला फक्त वाचता येत नाही, या कल्पनेवर आम्ही दोघंही इतके दिवस जगत होतो. आता ती फक्त पलंगावर होती, तोंड मिटून.

गाडीत बसल्यावर मी हॉस्पिटलचं वळण घेणार तेवढ्यात ते म्हणाले, "घरी घे."

"डॉक्टर वाट बघतायत."

"घरी घे."

मावशी ताईला उशांना टेकवून बसवत होत्या. समोर वाटीत दुधात कुस्करलेलं केळं. भावोजींनी बूट न काढताच पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि तिच्या डाव्या हाताचं फडकं सोडायला लागले. मावशी म्हणाल्या, "अहो, वाटी उडवून देतील." ते म्हणाले, "देऊ दे." फडक्याखाली मनगटाला वळ पडले होते. ते त्यांनी अंगठ्याने चोळले.

"सगळ्यांना विचारलं मी," ते तिला म्हणाले. "डॉक्टरांना विचारलं, सरांना विचारलं. तुलाच विचारलं नाही. मला वाटायचं, तू काय सांगशील." चमचा त्यांनी तिच्या डाव्या हातात दिला, वाटी समोर धरली आणि म्हणाले, "तू ठरव."

आजारी पडल्यापासून तिच्या हातात चमचा कुणी दिलाच नव्हता. आम्ही सगळे भरवतच होतो. ती बराच वेळ चमच्याकडे बघत राहिली. मग तो वाटीत घातला. केळं सांडत होतं, तरी तिने चमचा भरला आणि वर आणला. मनात म्हटलं, खातेय, खातेय ही! मी मावशींचा दंड इतका घट्ट धरला की त्या कळवळल्या.

चमचा तिच्या ओठांपाशी थांबलाच नाही. हळूहळू पुढे गेला आणि भावोजींच्या मिशांना लागला.

भावोजींनी तोंड उघडलं. तिने भरवलं. त्यांनी गिळलं. तिने पुन्हा चमचा भरला, पुन्हा त्यांना भरवला, अर्धं त्यांच्या शर्टावर. असे काही घास झाल्यावर तिने चमचा वाटीत ठेवला, वाटी मनगटाने सरकवून दिली आणि बाहीने त्यांच्या मिशा पुसल्या. मग उशीवर मान टाकली. तोंड मिटलेलंच होतं, पण आता ते कुलूप लावल्यासारखं वाटत नव्हतं.

कुणी म्हणेल, हाही तुम्ही लावलेलाच अर्थ. म्हणू दे. मी जन्मले तेव्हापासून त्या बाईला ओळखते. आपल्या पानातलं दुसऱ्याला वाढून "मला पुरे" म्हणणं मी तिच्याकडून हजारदा ऐकलंय. भावोजींनाही ते कळलं होतं. ते तसेच बसून राहिले, तोंडात शेवटचा घास धरून, गिळायला तयार नव्हते. मी तिथेच, मावशींच्या देखत, ओक्साबोक्शी रडले.

सही केली नाही. हात पुन्हा बांधला नाही. ताई त्यानंतर फार राहिली नाही, आणि गेली तेव्हा भावोजी तिच्याजवळ होते.

नंतरचं सांगण्यासारखं थोडं आहे. भावोजी लॅबवर जाईनासे झाले. ओतकामवाल्या बाई दोनदा येऊन गेल्या, सरांची कवळी ढिली झाली ते दारातून परत गेले. मावशी नाहीत, ताई नाही, घरात फक्त फ्रीजचा आवाज. मी डबा ठेवायची तो संध्याकाळी तसाच मिळायचा. एकदा भर दुपारी गेले तर हे अजून अंथरुणातच, पडदे ओढलेले. माझा पारा चढला. पडदे सरकवले, पांघरूण ओढलं, तोंडाला येईल ते बोलले. तिने शेवटचं काय सांगितलं तुम्हाला, विसरलात का? खा म्हणाली ती! जगा म्हणाली! आणि तुम्ही मढ्यासारखे पडून राहताय?

ते उठून बसले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. जीभ गालात फिरवून त्यांनी दात तपासले, आणि जागं असल्याची खात्री झाली तसा त्यांचा चेहरा पडला. मग माझा आवाज आपोआप खाली आला.

"अजून दिसते?" मी विचारलं.

"रोज."

"बोलते?"

"नाही. आता दगड नाही, झाड नाही, काही नाही. आपलं स्वयंपाकघर असतं. ती जेवायला बसलेली असते. मी वाढतो."

"खाते?"

"पोटभर खाते. मागून घेते."

"पण भावोजी, हे सगळं तुमचंच आहे. ती नाहीये त्यात. स्वप्न आहे, हे कळतं ना तुम्हाला तिथे?"

"पहिल्या घासालाच कळतं," ते म्हणाले, आणि मी ओढलेलं पांघरूण त्यांनी पुन्हा गुडघ्यांवर घेतलं. "म्हणून तर उठत नाही."